आधी खलाशाची पेटी, मग कप्तानाची तलवार

‘आयएनएस गुलदार’ ही नौदलातून निवृत्त झालेली नौका २२ फेब्रुवारी २०२५ रोजी कारवारला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात देण्यात आली. वेंगुर्ले तालुक्यात निवतीच्या खडकांजवळ ती समुद्रतळाशी बसवायची, तिच्या अंगावर कृत्रिम प्रवाळ वाढू द्यायचे आणि पर्यटकांना पाण्याखाली जाऊन ती पाहता यावी अशी सोय करायची, असा हा बेत आहे. त्यासाठी केंद्राने ४६ कोटी ९१ लाख रुपये मंजूर केले आहेत. बेत चांगला आहे. माशांना आसरा मिळेल, तरुणांना रोजगार मिळेल, आणि एका जहाजाचा शेवट भंगारात होणार नाही. पण याच तालुक्याच्या दक्षिण टोकाला रेडी आहे, आणि रेडीपासून देवगडपर्यंतच्या पट्ट्याने पिढ्यान्‌पिढ्या आरमाराला आणि व्यापारी जहाजांना माणसे पुरवली. जहाजाच्या सांगाड्यासाठी आपल्याकडे पैसा आहे, आराखडा आहे, खाते आहे. त्या जहाजांवर राबलेल्या माणसाच्या टोपीसाठी, पदकासाठी, पत्रासाठी सिंधुदुर्ग जिल्ह्यात एक कपाटसुद्धा राखून ठेवल्याचे माझ्या माहितीत नाही. युद्धकाळातल्या नौदलाच्या वैयक्तिक वस्तूंचा रीतसर संग्रह या किनाऱ्यावर उभा राहिला पाहिजे, असे माझे मत आहे. आणि जगभरचे संग्राहक ज्या क्रमाने जातात तो क्रम इथे उलटा केला पाहिजे. सुरुवात खलाशापासून व्हावी. अधिकाऱ्याची पाळी नंतर.

संग्राहकांचा ओढा अधिकाऱ्याकडे असतो याला कारण आहे. अधिकाऱ्याच्या वस्तू देखण्या असतात आणि पाहणाऱ्याला वाचताही येतात. दुसऱ्या महायुद्धातल्या रॉयल इंडियन नेव्हीच्या अधिकाऱ्याचा एखादा कोट समोर आला तर नुसत्या बाहीवरून कितीतरी कळते. सोनेरी जरीची पट्टी सरळ असेल तर तो कायम सेवेतला. दोन पट्ट्या एकमेकींत गुंफलेल्या असतील तर तो व्यापारी जहाजांवरून राखीव दलात आलेला, मुरलेला दर्यावर्दी. पट्टी लाटेसारखी नागमोडी असेल तर तो युद्धापुरता स्वेच्छेने भरती झालेला. काल-परवापर्यंत वकील, शिक्षक किंवा बँकेतला कारकून. पट्ट्यांच्या मध्ये जांभळे कापड असेल तर इंजिनिअर, लाल असेल तर डॉक्टर, पांढरे असेल तर हिशेब आणि पुरवठा पाहणारा. बटण उलटे केले की पाठीवर लंडनच्या किंवा बर्मिंगहॅमच्या कारखानदाराचे नाव कोरलेले दिसते. पुढच्या बाजूला मुकुट असेल तर ते २६ जानेवारी १९५०च्या आधीचे, कारण त्या दिवशी नौदलाच्या नावातला ‘रॉयल’ गेला आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. हे सगळे बारकाईने पाहण्याचा आनंद खरा आहे आणि त्या नादी लागलेल्या माणसाला मी नावे ठेवणार नाही. त्याच्यामुळेच अशी बटणे वितळवली जाण्यापासून वाचली आहेत.

मात्र झळाळी फसवतेही. ‘युद्धकाळातली नौदल अधिकाऱ्याची तलवार’ ही संग्रहातली सगळ्यात मानाची वस्तू. प्रत्यक्षात दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश आरमाराने तलवार बांधण्याची प्रथा स्थगित ठेवली होती. म्हणजे त्या वर्षांत ती तलवार बहुधा कपाटात किंवा घरी होती. युद्धात ती गेली असण्याची शक्यता फारच कमी. पितळी दुर्बिणी आणि होकायंत्रे यांची अवस्था याहून वाईट आहे. लंडनच्या जुन्या कंपन्यांची नावे कोरलेल्या प्रतिकृती आपल्याच देशात, रुडकीसारख्या ठिकाणी, ढिगाने बनतात. त्यांना ॲसिड लावून जुनेपण आणले की मुंबईच्या चोरबाजारात त्या ‘जहाजावरच्या’ म्हणून विकायला सोप्या जातात. आणि अस्सल वस्तूसुद्धा पुष्कळदा मुकी असते. खलाशाच्या गोल टोपीभोवती जी काळी रिबीन असते तिच्यावर शांततेच्या काळात जहाजाचे पूर्ण नाव असे. युद्धात शत्रूला सुगावा लागू नये म्हणून त्यावर नुसती ‘एच. एम. आय. एस.’ (‘राजाचे भारतीय जहाज’) ही अक्षरे ठेवली जात. अशी रिबीन आज कुणाच्या हाती आली तर ती कुठल्या बोटीवरची हे तिच्यावरून कधीच कळणार नाही. ज्याने ती बांधली त्याच्या घरातले कुणी सांगितले, किंवा पेटीत तिच्याबरोबर एखादे पत्र, पगारपुस्तक, सुटीचा पास निघाला, तरच ती बोलते. एकटी रिबीन बाजारात गेली की शे-दोनशे रुपयांची चिंधी होते, आणि तिच्याबरोबर असलेला कागद रद्दीत जातो. इतिहासाचा तोटा होतो तो नेमका या क्षणी.

वस्तू आणि कागद यांतला हा भेद आपल्या कायद्यानेही नकळत ओळखला आहे. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार वस्तू पुरावशेष ठरायला किमान १०० वर्षे लागतात. ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखिताला, दप्तराला किंवा दस्तऐवजाला मात्र ७५ वर्षे पुरतात. याचा अर्थ असा की १९४२ साली बोटीवरून लिहिलेले पत्र, त्याचे ऐतिहासिक मोल सिद्ध झाले तर, आजच कायद्याच्या संरक्षणाखाली येऊ शकते. त्याच वर्षीचा बिल्ला, घड्याळ किंवा पदक २०४२पर्यंत कुणीही घ्यावे, विकावे, परदेशी पाठवावे. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर माणसाचे नाव आणि हुद्दा कोरलेला असे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने आपली बहुतेक पदके कोरीच दिली. म्हणून असे कोरे पदक पाकिटापासून आणि पत्रापासून एकदा तुटले की ते कुणाचे हे ठरवण्याचा मार्ग उरत नाही.

आता खलाशीच आधी का, हा मुख्य प्रश्न. अधिकाऱ्याच्या वस्तू टिकल्या, याचे एक साधे कारण मालकीचे आहे. गणवेश, तलवार, दुर्बीण हे अधिकारी शिंप्याकडून आणि दुकानातून स्वतःसाठी करून घेई. ते त्याचे होते, म्हणून ते घरी आले आणि वारसांकडे गेले. खलाशाच्या अंगावरचे बरेचसे सरकारी साठ्यातून आलेले असे आणि ते वापरून वापरून संपत असे. शिवाय अधिकाऱ्याची नोंद दुसरीकडेही सापडते. त्याचे नाव छापील नौदल यादीत असते, राजपत्रात असते, कुणीतरी त्याच्यावर लिहिलेले असते. उद्या त्याची तलवार हरवली तरी माणूस हरवत नाही. स्वतंत्र भारतातही हेच दिसते. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी १९७१च्या युद्धात ‘कामोर्ता’ या युद्धनौकेचे नेतृत्व करून वीरचक्र मिळवले, मुंबईत मेरीटाइम हिस्टरी सोसायटी उभी केली आणि निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहूनही शिडाच्या बोटीने पृथ्वीप्रदक्षिणेचे स्वप्न तरुण अधिकाऱ्यांकडून पुरे करून घेतले. त्यांचे काम महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि ते असायलाच हवे. पण त्याच युद्धात बोटींच्या इंजिनघरात आणि तोफांवर असलेल्या कोकणातल्या माणसांची नावे त्यांच्या वाडीबाहेर कुणी सांगू शकेल का?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही दरी फारच मोठी होती. १९३९ साली रॉयल इंडियन नेव्हीकडे जेमतेम आठ युद्धनौका होत्या आणि अधिकारी बहुसंख्येने ब्रिटिश होते. त्याआधीच्या भरतीत तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खलाशांचा, विशेषतः कोकणी मुसलमानांचा, भरणा मोठा होता. युद्ध संपेपर्यंत दल ३० हजारांच्या घरात गेले. या दलाची सगळ्यात नावाजलेली लढाई ११ नोव्हेंबर १९४२ची. ‘बेंगाल’ ही सुरुंग काढणारी छोटी नौका ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाला सोबत करत हिंदी महासागरातून येत होती. ‘होकोकू मारू’ आणि ‘आयकोकू मारू’ या दोन मोठ्या, सशस्त्र जपानी जहाजांनी त्यांना गाठले. ‘बेंगाल’वर मोठी तोफ एकच होती, तीही तीन इंची. तरीही ती शत्रूच्या अंगावर गेली. ‘होकोकू मारू’ला आग लागली, स्फोट झाला आणि ते बुडाले. निर्णायक गोळा ‘बेंगाल’चा की ‘ओंडिना’चा, हा वाद अजून चालू आहे. ‘बेंगाल’चे कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्यम जोसेफ विल्सन राखीव दलातले होते, म्हणजे त्यांच्या बाहीवर त्या गुंफलेल्या पट्ट्या असणार. त्यांचे नाव प्रत्येक पुस्तकात आहे. त्या एकुलत्या तोफेवर गोळे भरणाऱ्या हातांचा शोध घ्यायचा तर मला वाटते तो एखाद्या घरातल्या पेटीतच घ्यावा लागेल.

पुढे १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या ‘तलवार’ या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रात खलाशांनी निकृष्ट जेवण आणि वरिष्ठांची शिवीगाळ यांविरुद्ध संप पुकारला, आणि तो ७८ जहाजे, किनाऱ्यावरचे २० तळ आणि सुमारे २० हजार खलाशी इतका पसरला. २३ फेब्रुवारीला, सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून, त्यांनी शरणागती पत्करली. त्यानंतर ४७६ जणांना बडतर्फ करण्यात आले, आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर ना भारताने त्यांना परत घेतले ना पाकिस्तानने. स्वातंत्र्यसैनिक म्हणून सरकारची मान्यता मिळायला १९७०चे दशक उजाडावे लागले. बडतर्फीचा कागद घेऊन गावी आलेल्या तरुणाने आपली रिबीन भिंतीवर लावली नसेल; ती पेटीच्या तळाशी गेली असेल, आणि घरच्यांनीही तिचा विषय काढला नसेल. त्या कागदाला बाजारात कवडीची किंमत नाही. इतिहासाच्या लेखी तो कुठल्याही कप्तानाच्या सोनेरी बिल्ल्यापेक्षा मोलाचा आहे, कारण तो नाहीसा झाला तर त्याची जागा घेणारे दुसरे काहीच नाही.

आपली बाजू जपून न ठेवल्याने काय होते हे रेडीला नव्याने सांगायला नको. यशवंतगड खाडीच्या तोंडावर उभा आहे आणि दक्षिणेकडे तेरेखोलचा किल्ला. १७६५ साली मुंबईकर इंग्रजांच्या आरमाराने मालवण आणि रेडी घेतले. मग पैशाच्या आणि इतर अटींवर रेडी वाडीकर सावंतांना परत मिळाले, आणि १८१९ साली ते पुन्हा इंग्रजांकडे गेले. या मोहिमांचा तपशील आपण वाचतो तो मुख्यतः इंग्रजांच्या कागदांवरून, कारण त्यांनी रोजनिशा लिहिल्या, पत्रे जपली आणि अधिकाऱ्यांचे सामानसुमान घराण्यांतून संग्रहालयांत नेले. तटावरून गोळे डागणारी आपली माणसे त्या कागदांत ‘शत्रू’ किंवा ‘चाचे’ या एका शब्दात आटोपली आहेत. अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसांसाठी आता फार काही करता येणार नाही. विसाव्या शतकातल्या माणसांसाठी अजून करता येईल.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की राजाचा मुकुट असलेले बिल्ले आणि ब्रिटिशांनी दिलेली पदके आपण कशाला जपायची? ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने झाला, आणि त्याच महिन्यात ॲडमिरल दर्जाच्या अधिकाऱ्यांच्या खांद्यावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. नौदल आपली चिन्हे बदलत असताना आपण जुनी उकरून काढावीत का? मला हा बदल मनापासून आवडला. अंगावर काय मिरवायचे हे स्वतंत्र देशाने स्वतः ठरवलेच पाहिजे. पण मिरवणे आणि पुरावा राखणे ही वेगळी कामे आहेत. १९४६ साली ज्यांनी जहाजांवर काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्टांचे झेंडे एकत्र चढवले, त्यांच्या टोप्यांवर तीच परकी अक्षरे होती. ती रिबीन फेकून दिली तर त्यांच्या बंडाचाच पुरावा आपण फेकून देतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वस्तू कुटुंबाची असते. घर गळत असेल, मुलीची फी भरायची असेल, तर आजोबांचे पदक विकण्याचा वारसाला पूर्ण हक्क आहे, आणि ‘वारसा जपा’ असा उपदेश पोटभरल्या माणसाने करू नये. हे मला मान्य आहे. म्हणूनच वस्तू ताब्यात घेण्याची मागणी मी करत नाही. मागणी नोंदीची आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने २००८ साली पहिल्या महायुद्धाच्या वस्तूंसाठी हेच केले. लोकांनी घरातली पत्रे, पदके, डब्या आणल्या, त्यांची छायाचित्रे निघाली, हकिकत लिहून घेतली आणि वस्तू ज्याची त्याला परत गेली. पुढे ‘युरोपियाना’ने २०११पासून ही रीत अनेक देशांत नेली. विकायचे असेल त्याने नंतर खुशाल विकावे. उलट हकिकतीसह नोंदलेल्या पदकाला प्रामाणिक संग्राहक जास्त किंमत देतो, कारण त्याला खोटेपणाची धास्ती उरत नाही.

तिसरा आक्षेप असा की सरकारला हे जमणार नाही, खासगी संग्राहकच बरे. याला आधार आहे. पहिली ‘विक्रांत’ १९९७ साली निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून राहिली, आणि २०१४ साली भंगारात निघाली. तिच्या पोलादातून मोटारसायकली बनल्या. संपूर्ण विमानवाहू जहाज सांभाळणे आवाक्याबाहेर गेले हे समजू शकते. ट्रंकेतल्या वस्तूंची छायाचित्रे आणि एक वही सांभाळायला गोदी लागत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिकांची माहिती आहे. वेंगुर्ल्याचे नगर वाचनालय आणि सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर या दोन्ही संस्थांना कागद राखण्याची सवय आहे. आणि वस्तू घरातच राहणार असतील तर त्या घराला काही साध्या गोष्टी सांगण्याची गरज आहे. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत पितळेवर हिरवा गंज चढतो म्हणून लोक दर दसऱ्याला बिल्ले घासतात. त्या घासण्याने सोन्याचा मुलामा उडतो आणि पदकाच्या कडेवरचे नाव पुसट होत जाते. कोरड्या सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून पाहिले तर बहुतेक काम होते. पत्रे मात्र धातूपासून वेगळी ठेवावीत, कारण टाचणीचा गंज कागद खातो.

एक धोक्याची सूचना संग्राहकांसाठी. मालवण-तारकर्लीत आता पाण्याखाली उतरणारे अनेक आहेत, आणि ‘गुलदार’मुळे ते आणखी वाढतील. ‘गुलदार’ मुद्दाम बुडवण्यासाठी घेतलेली रिकामी बोट आहे. युद्धात बुडालेली बोट ही कबर असते. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवच्या समुद्रात नौदलाची ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडाली तेव्हा तिच्यासोबत १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आपल्या बोटीवरच राहिले. तिथले घड्याळ, बिल्ला, चमचा, काहीही कुणाच्या संग्रहात येता कामा नये, मग तो कितीही नावाजलेला असो. त्या १९४ जणांच्या घरी सुटीवर आले असताना राहून गेलेला सदरा, एखादे आंतरदेशीय पत्र, फोटो असेल तेवढेच त्यांचे जमिनीवर उरले आहे.

‘गुलदार’ पाहायला येणाऱ्या पर्यटकांसाठी किनाऱ्यावर तिकीटघर, उपाहारगृह, माहितीकेंद्र होईलच. त्यातली एक खोली या नोंदींसाठी राखावी आणि तिकिटाच्या उत्पन्नातला ठरावीक भाग वर्षाला तिच्यावर खर्च व्हावा, अशी मागणी वेंगुर्ले तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी आत्ताच करावी. रेडीने त्यात पुढाकार घ्यावा, कारण नौदलाचे युद्ध तिच्यापासून फार दूर नव्हते. गोवा मुक्तीच्या वेळी, १८ डिसेंबर १९६१ रोजी, आपल्या नौदलाच्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’ यांनी ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेला मार्मागोव्याच्या तोंडाशी निकामी केले, ते ठिकाण रेडीपासून सरळ रेषेत ४० किलोमीटरच्या आसपास आहे. नोंद करताना हुद्दा विचारायची घाई नको. वस्तू कोणती, कुणाची, कुठल्या बोटीवरची, घरी कधी आली, सोबत कोणता कागद आहे आणि हे सांगतो आहे तो त्या माणसाचा कोण, एवढे लिहून घ्यावे. अधिकाऱ्याची तलवार आली तर तिलाही याच वहीत, याच रकान्यांत जागा मिळावी. महायुद्ध पाहिलेली पिढी जवळजवळ संपली आहे, म्हणून काम १९७१च्या खलाशापासून सुरू करावे. तेव्हा विशीत असलेला तो आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे, आणि आपल्या ट्रंकेतली कुठली वस्तू कुठल्या बोटीवरची, हे तो अजून स्वतःच्या तोंडाने सांगू शकतो.